पायाची जाण घरच्या घरी कशी तपासावी

संक्रांतीला सिद्धेश्वराच्या यात्रेत 68 शिवलिंगांच्या वाटेवर अनवाणी चालणं असो की मे महिन्यात तापलेल्या फरशीवरून देवळात जाणं, सोलापुरात पायांना बरंच सोसावं लागतं. मधुमेह जुना असेल तर चटका बसल्याचं कळतच नाही, फोड दिसतो तेव्हा उलगडा होतो. शरीरातले सगळ्यात लांब मज्जातंतू पायाच्या बोटांपर्यंत जातात आणि मधुमेहात आधी त्यांचीच टोकं निकामी होतात. म्हणून तपासणी बोटांपासून सुरू करायची.

तपासायच्या गोष्टी दोन. पहिली, हलका स्पर्श कळतो का. हे काम कातडीतल्या, स्पर्श टिपणाऱ्या सूक्ष्म ग्राहकांचं (रिसेप्टरचं). दुसरी, न बघता पाय कुठल्या स्थितीत आहे ते कळतं का. हे मुख्यतः स्नायूंमधले ताण मोजणारे तंतू सांगतात, सांधे आणि कातडी त्यांना साथ देतात. एक शाबूत आणि दुसरी बिघडलेली असंही होतं, त्यामुळे पहिली बरी निघाली म्हणून दुसरी सोडू नये.

तयारी. पाय धुऊन कोरडे करा. बाहेरून आल्या आल्या तपासू नका, दहा मिनिटं बसू द्या. माणसाला चटईवर आडवं झोपवा आणि डोळे मिटायला सांगा. उजव्या-डाव्या पायाला हात लावून ‘हा उजवा, हा डावा’ असं आधी एकदा सांगून ठेवा, नाहीतर पुढे उत्तरांचा घोळ होतो.

स्पर्श. तर्जनीचं टोक बोटाच्या शेंड्याला एक-दोन सेकंद अलगद टेकवा. क्रम असा: उजवा अंगठा, उजवी करंगळी, डावा अंगठा, डावी करंगळी, मग उजवं मधलं बोट आणि डावं मधलं बोट. कळलं की त्यानं ‘उजवा’ किंवा ‘डावा’ म्हणायचं. एका बोटाला एकच संधी. इथे बहुतेकांचा हात जड होतो: उत्तर आलं नाही की माणूस दाबतो, टोचतो, नाहीतर ‘आता कळलं का?’ असं विचारतो. दाब खोलवर पोचतो, आणि प्रश्न विचारणं म्हणजे उत्तर सांगून टाकणंच. सहापैकी दोन किंवा जास्त बोटांना स्पर्श कळला नाही तर संवेदना कमी झाली आहे असं धरा. टाचेवर ही परीक्षा घेऊ नका, भेगाळलेली जाड कातडी निरोगी माणसालाही नापास करते.

सुई टोचून किंवा गरम पाणी लावून बघायचा मोह होतो. तो टाळाच, कारण ज्याला कळत नाही त्यालाच इजा होते.

स्थिती. पायाचा अंगठा दोन्ही बाजूंनी चिमटीत धरा. वरून-खालून धरलात तर कातडीवरच्या दाबावरूनच दिशा कळते आणि परीक्षा वाया जाते. शेजारच्या बोटाला अंगठा घासू देऊ नका. आधी डोळे उघडे ठेवून ‘हे वर, हे खाली’ दाखवा. मग डोळे मिटवून अंगठा थोडासाच हलवा, दर वेळी मधे आणा आणि क्रम बदलत राहा. पाच-सहा वेळा पुरे. निरोगी माणसाला अगदी बारीक हालचालही ओळखता येते. इथे चुका झाल्या तर घोटा हलवून बघा. तिथेही चुकत असेल तर बिघाड वर चढलेला असू शकतो.

तोल. दोन्ही पाय जुळवून, हात खाली सोडून उभं करा. तुम्ही अगदी जवळ थांबा, पण हात लावू नका. डोळे उघडे असतानाच झोकांडी जात असेल तर तिथेच थांबा, ते दुखणं वेगळं. नीट उभं राहता आलं तर 30 सेकंद डोळे मिटायला सांगा. किंचित डोलणं सगळ्यांचंच होतं. पाऊल उचलावं लागलं किंवा माणूस कोसळू लागला तर ती पायांची स्थितीची जाण कमी झाल्याची खूण असू शकते. तोलासाठी डोळे, आतला कान आणि पायांची स्थितीची जाण अशी तीन साधनं असतात. पायांची जाण गेलेली असताना डोळेही मिटले की एकटा कान अपुरा पडतो. अशी माणसं मोरीत तोंडावर पाणी मारताना धडपडतात आणि घरचे चक्कर समजून सोडून देतात.

हाताची बोटं बघायची असतील तर डोळे मिटून टॉवेल आणि चादर ओळखायला सांगा. बोट नुसतं टेकवून बारीक पोत नीट कळत नाही, ते फिरवावं लागतं. घासण्यातून उठणारी कंपनंच तो पोत सांगतात.

कुठेही चूक निघाली तर डॉक्टरांकडे 10 ग्रॅमच्या मोनोफिलामेंटने (ठरावीक दाबाला वाकणारा नायलॉनचा धागा) आणि 128 हर्ट्झच्या ट्यूनिंग फोर्कने (कंपन कळतं का ते बघायचा धातूचा चिमटा) तपासून घ्या. सोबत बी-12 जीवनसत्त्वाची तपासणीही मागा: शुद्ध शाकाहारी आणि बरीच वर्षं मेटफॉर्मिन ही मधुमेहाची गोळी घेणाऱ्यांत ते कमी पडू शकतं, आणि त्यानेही स्थितीची जाण जाते. अंगावर फिकट किंवा लालसर, बधिर चट्टा असेल तर कुष्ठरोगाची शंका घेऊन सरकारी दवाखाना गाठा, तिथे उपचार मोफत आहेत. तोवर घरातही चप्पल घाला, पाय घालण्याआधी ती झटका, आणि आंघोळीचं पाणी पायाने न बघता कोपराने बघा.