लोणा लागलेल्या भित्तिचित्राला अमोनियम-बेरियमचा दुहेरी लेप

फ्लोरेन्सच्या सान मार्को मठात फ्रा अँजेलिकोने ओल्या चुन्यावर रंगवलेली चित्रं आहेत. अशा गिलाव्याचा खरा वैरी जिप्सम. हवेतलं गंधक आणि ओल यांमुळे चुन्याचं जिप्सम होतं, त्याला जागा जास्त लागते आणि रंग पिठासारखा बोटाला येतो. फ्लोरेन्समधल्या १९६६ च्या पुरानंतर रसायनशास्त्रज्ञ एन्झो फेरोनी आणि चित्रसंवर्धक दीनो दीनी यांनी यावर बसवलेली रीत आजही वापरात आहे.

आधी ओलीचं मूळ शोधून बंद करा, नाहीतर लोणा पुन्हा फुटणारच. बोटाच्या पेराने हलकेच ठोकून पाहा. पोकळ आवाज आला तिथे जललागी (ओलीतही घट्ट होणाऱ्या) चुन्याचा पातळ घोळ सुईने भरा. सिमेंट अजिबात नको, त्यातूनच नवे क्षार भिंतीत शिरतात. जुन्या कामात राळेचा थर दिला असेल तर तो काढा, कारण त्यातून द्रावण आत जात नाही.

मग कोपऱ्यात, टपाल तिकिटाएवढ्या जागेवर पुढच्या लेपांची चाचणी. लेपातल्या अमोनियामुळे अझुराइटसारखे (निळं खनिज) तांब्याचे रंग बिघडू शकतात आणि सरसात कालवलेले रंग सुटतात. म्हणूनच अजिंठ्याच्या मातीच्या गिलाव्यावरच्या चित्रांना ही कृती लावू नये.

चित्रावर जपानी कागदाचे दोन थर चिकटवा. त्यावर अमोनियम कार्बोनेटच्या संपृक्त द्रावणात भिजवलेला कागदाचा लगदा साधारण १ सेंमी जाड थापा. लगदा दाबल्यावर ओघळ येता कामा नये. चाचणीत ठरेल तितके तास ठेवून, सुकायच्या आत काढा. आता जिप्समचा पुन्हा चुना झालेला असतो, पण सोबत अमोनियम सल्फेट उरतं आणि ते पाण्यात विरघळतं. इथेच थांबलात तर तेच क्षार पुढे रंग उचलतील.

त्यासाठी दुसरा लेप बेरियम हायड्रॉक्साइडचा, सुमारे ५ टक्के. यात सल्फेट अविद्राव्य होऊन बसतं, उरलेलं बेरियम गिलाव्याला घट्ट करतं. हा लेप प्लॅस्टिकने झाका. उघडा राहिला तर हवेतल्या कार्बन डायऑक्साइडमुळे चित्रावर पांढरी साय धरते, ती काढणं फार जिकिरीचं. बेरियम विषारी आहे. हातमोजे आणि चष्मा लागतोच, अमोनियासाठी खिडक्या उघड्या हव्यात.

भिंतीत नायट्रेट किंवा क्लोराइड सापडले तर ते आधी डिस्टिल्ड पाण्याच्या लेपांनी ओढून काढा. घट्टपणा मुरायला आठवडे लागतात, तोवर उडालेल्या जागी रंग भरायला घेऊ नका.