वटवाघळाच्या मध्यमेंदूतून नोंदी घेण्यापूर्वीची तयारी

हवेचं तापमान 20 अंश सेल्सिअस असेल तर आवाज सेकंदाला सुमारे 343 मीटर जातो. वटवाघूळ स्वतःच्या हाकेच्या प्रतिध्वनीवरून वस्तूचं अंतर ओळखतं, म्हणजे हाक मारल्यावर 1 मिलिसेकंदाने प्रतिध्वनी आला, तर वटवाघळाच्या लेखी वस्तू 17 सेंटिमीटरवर आहे. हा आकडा टेबलासमोर चिकटवून ठेवा, कारण पुढची निम्मी कामं त्याच्यापायीच करायची आहेत.

आधी आवाज गोळा करा. संगणकावर बनवलेली एकच हाक आणि तिचा एकच प्रतिध्वनी ऐकवून भागत नाही. उडत जवळ येणाऱ्या वटवाघळाला हाकांची सलग मालिका ऐकू येते आणि तीत हाक आणि प्रतिध्वनी यांच्यातला विलंब हळूहळू कमी होत जातो. 2018 मध्ये मासिआस, लुओ आणि मॉस यांनी एप्टेसिकस फस्कस या वटवाघळाच्या जातीत दाखवलं, की इन्फिरिअर कॉलिक्युलसमधल्या (मध्यमेंदूतल्या ऐकण्याच्या केंद्रातल्या) काही चेतापेशी अशा नैसर्गिक मालिकेत ठरावीक विलंबालाच निवडून प्रतिसाद देतात. मालिका मिळवायची सोपी रीत म्हणजे झोका: प्राणी भिंतीच्या दिशेने झुलतो आणि डोक्याशेजारचा मायक्रोफोन सोबत जातो, म्हणून हाक आणि प्रतिध्वनी दोन्ही टिपले जातात. सॅम्पलिंग रेट (आवाज सेकंदाला किती वेळा मोजायचा तो दर) 500 किलोहर्ट्झ ठेवा. 192 किलोहर्ट्झवर फक्त 96 किलोहर्ट्झपर्यंतचं पकडता येतं आणि कॅरोलिया पर्स्पिसिलाटासारख्या जातीच्या हाकेचा वरचा भाग सरळ कापला जातो. गेन (आवाज किती वाढवून नोंदवायचा ते) हाकेकडे बघून लावा. हाक क्लिप झाली, म्हणजे तिची टोकं छाटली गेली, तर मुळात नसलेले हार्मोनिक (मूळ वारंवारतेच्या पटीतले सूर) फाईलमध्ये शिरतात आणि नंतर ते काढता येत नाहीत. मालिका कापताना दोन्ही टोकांना आवाजाच्या पातळीला 0.5 मिलिसेकंदाचा चढ-उतार द्या, नाहीतर टोकाला ‘टिक’ येतो आणि पेशी त्यालाच प्रतिसाद देते.

प्रयोगाच्या खोलीवर मात्र सगळ्यात जास्त वेळ घालवा. स्पीकरचा आवाज टेबलावर आपटून 34 सेंटिमीटर जास्तीच्या वाटेने कानापाशी आला, की 17 सेंटिमीटरवर नसलेली वस्तू उभी राहते. 90 किलोहर्ट्झला तरंगलांबी जेमतेम 4 मिलिमीटर असते, त्यामुळे बोटाएवढा जाड धातूचा दांडाही चांगला प्रतिध्वनी देतो. प्राणी आणायच्या आधी कानाच्या जागी पाव इंची मायक्रोफोन लावा, 0.1 मिलिसेकंदाचा क्लिक वाजवा आणि पुढचे 20 मिलिसेकंद पडद्यावर बघा. मूळ क्लिकपेक्षा 40 डेसिबलपर्यंतच खाली असलेलं प्रत्येक शिखर शोधून काढायचं. एकेक वस्तू फोमने झाका. शिखर बसलं की गुन्हेगार सापडला. बहुतेक वेळा तो डोकं धरणाऱ्या चौकटीतच असतो. त्याच मायक्रोफोनने स्पीकरचा प्रतिसाद मोजून त्यातला चढउतार भरून काढणारं उलटं फिल्टर लावा आणि 40 किलोहर्ट्झचा शुद्ध सूर वाजवून 80 ला काही उमटतं का, तेही पाहून घ्या. मग एक मिनिटाची शांतता नोंदवा, दिवे लावून आणि बंद करून. एलईडीचे ड्रायव्हर आणि स्विचिंग पॉवर सप्लाय आपल्याला ऐकू न येणारी शिट्टी वाजवत असतात.

आवाज आणि चेतापेशींच्या नोंदी या दोन्हींना घड्याळ एकच हवं. संगणकाच्या सॉफ्टवेअर ट्रिगरवर विसंबलात तर वेळ काही मिलिसेकंद इकडेतिकडे सरकते, म्हणजे वस्तू अर्धा मीटर मागेपुढे. वाजणाऱ्या आवाजाची प्रत चेतापेशींच्या नोंदीतल्याच एका चॅनलमध्ये घ्या. स्पीकर अर्धा मीटर दूर असेल तर प्रवासाचे सुमारे 1.5 मिलिसेकंद वजा करा आणि स्पीकर हलवला तर पुन्हा मोजा.

प्राण्यांच्या नैतिकता समितीची परवानगी आणि हाताळणाऱ्यांची रेबीजची पूर्वलस याआधीच झालेली असावी. प्राण्याला उबदार ठेवा. एप्टेसिकस गारठलं की सुप्तावस्थेत जातं आणि प्रतिसाद उशिरा येऊ लागतात. कानाची पाळी कुठे दाबली जात नाही ना, हेही बघा.

ऐकवायचे संच असे: पूर्ण मालिका, फक्त हाका, फक्त प्रतिध्वनी, हाक-प्रतिध्वनीची सुटी जोडी आणि उलटी मालिका. उलटवताना जोड्यांचा क्रमच उलटवा. अख्खी फाईल उलटी वाजवली तर खाली उतरणारी हाक वर चढू लागते आणि प्रतिध्वनी हाकेच्या आधी येतो. मग फरक नेमका कशाने पडला ते सांगता येत नाही. प्रत्येक संच किमान 20 वेळा, क्रम मिसळून ऐकवा. या पेशी एका हाकेला बऱ्याचदा एखाद-दुसराच स्पाइक (विद्युत ठोका) देतात, कमी वेळा वाजवून आकृती उठत नाही. दोन मालिकांमध्ये सेकंदभर शांतता ठेवा.

हाकेची पातळी दोन प्रकारे तयार ठेवा, मूळ आणि सुमारे 20 डेसिबल कमी. स्वतः हाक मारणाऱ्या वटवाघळाच्या मध्यकर्णातले स्नायू आकसून तिचा जोर कमी करतात, नुसतं ऐकणाऱ्या प्राण्यात तसं होत नाही.

इलेक्ट्रोड उतरवताना दर 100 मायक्रोमीटरला शुद्ध सुरांनी तपासा. पेशी ज्या वारंवारतेला सर्वात चांगला प्रतिसाद देतात, ती वर कमी आणि खोल जाताना जास्त मिळत गेली पाहिजे. तसा चढ दिसत नसेल तर मालिका सुरूच करू नका, इलेक्ट्रोड बाहेर काढून जागा बदला.