ऑनलाइन वर्गात मूल मागे पडतंय? आधी वह्या उघडा

मूल 'अभ्यास नको' म्हणतं, तेव्हा बहुतेकदा धडा नव्हे, साचलेला गृहपाठ अंगावर येत असतो. रविवारी सगळ्या विषयांच्या वह्या काढून राहिलेलं एका कागदावर उतरवा. शिक्षकांना फोन करून विचारा, यातलं सोडलं तरी चालेल असं काय? बरंच निघतं. उरलेल्यातलं रोज एकच, 20 मिनिटं, घड्याळ लावून. गणित मात्र जिथे अडलं तिथूनच, नाहीतर पुढचं सगळं डोक्यावरून जातं.

गोव्यातल्या सत्तरी, सांगे, काणकोणच्या वाड्यांवर पावसात रेंज जाते आणि वीजही. वर्ग अर्धा तुटला की मूल गप्प बसतं, शंका विचारत नाही. अशा वेळी आपला कॅमेरा बंद ठेवून फक्त आवाज चालू ठेवा. फोन आदल्या रात्रीच चार्ज करा.

केंद्र सरकारच्या 2020 च्या 'प्रज्ञाता' मार्गदर्शक सूचनांत पहिली ते आठवीसाठी दिवसाला 30 ते 45 मिनिटांची दोनच सत्रं सांगितली होती. त्यावर मोबाइलवरची शिकवणी लादू नका.

झोप, जेवण उडालं, मूल सारखं रडू लागलं तर अभ्यास बाजूला ठेवून 14416 वर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनशी बोला.