सोयाबीन काढणीआधी सेकंडहँड पिकअप मार्गी लावा

इंदूरजवळच्या सांवेर, देपालपूर, हातोद, महू या पट्ट्यात जेएस ९५-६० किंवा जेएस २०-३४ सारखे लवकर येणारे सोयाबीन सप्टेंबरच्या उत्तरार्धात काढणीला येते. त्यानंतर गाडीला उसंत नसते. सोयाबीन छावणी मंडीला, बटाट्याचे बेणे शेतावर, खताच्या गोण्या, मजुरांची ने-आण, मग भाजीपाल्याच्या चोइथराम मंडीच्या पहाटेच्या फेऱ्या. या उन्हाळ्या-पावसाळ्यात ज्यांनी जुनी पिकअप घेतली आहे, त्यांनी पितृपक्षाचे पंधरा दिवस तिच्यासाठी राखून ठेवावेत. नवी खरेदी त्या दिवसांत आपण टाळतो, पण दुरुस्तीला आडकाठी नाही, आणि दसरा जवळ आला की गॅरेजला रांग लागते. खंडेनवमीला हार घालायचा तो ही कामे उरकूनच.

जुनी गाडी घेताना विकणारा सांगतो, ‘ऑइल आत्ताच बदललंय.’ खरेही असेल. पण त्याचे बिल हातात नसेल तर ते बदललेलेच नाही असे धरून चाला. गाडीचा हिशेब तुमच्या ताब्यात आल्या दिवसापासून नव्याने सुरू करायचा. पैसे कमी असतील तर क्रम असा ठेवा: आधी थांबणे आणि वळणे, मग इंजिन, मग हौदा म्हणजे मागची माल भरायची जागा, आणि रंग अगदी शेवटी. बरेच जण नेमके उलटे करतात. रंग, सीटकव्हर, म्युझिक सिस्टिम होते आणि ब्रेकच्या कामाला पैसे उरत नाहीत. माझ्या मते गाडीच्या किमतीचा दहावा हिस्सा पहिल्या कामासाठी बाजूला काढल्याशिवाय व्यवहारच करू नये.

ब्रेकपासून सुरुवात करा. पावसाळाभर काळ्या मातीचा चिखल मागच्या ड्रममध्ये जाऊन वाळतो. मिस्त्रीला ड्रम उघडायला लावा, नुसते बाहेरून ॲडजस्ट करून घेऊ नका. उघडल्यावर तिथे उभे राहून स्वतः पाहा: लायनर (ड्रमला घासून चाक थांबवणारा थर) किती उरला आहे, व्हील सिलेंडरच्या रबरी बुटाखाली ओल आहे का, आणि ॲक्सलच्या सीलमधून ऑइल पाझरून लायनर माखला आहे का. माखलेला लायनर पेट्रोलने धुऊन परत बसवण्याची पद्धत आहे. ती घातक आहे, कारण ऑइल आत मुरलेले असते आणि लायनर तापला की पुन्हा वर येते. आधी सील बदला, मग दोन्ही बाजूंचे लायनर जोडीने बदला. ब्रेक ऑइलही पूर्ण काढून नवे भरा. ते हवेतला ओलावा ओढून घेते. सिमरोलच्या पुढचा घाट मालासकट उतरताना असे ओलावलेले ऑइल तापले, तर त्यात वाफ धरते आणि पेडल सरळ खाली जाते. टाकीच्या झाकणावर जो ग्रेड लिहिला आहे तोच घाला, आणि पुढे दर दोन वर्षांनी बदला.

यानंतर गाडीखाली वाका आणि मागचे पाटे, म्हणजे स्प्रिंगच्या एकावर एक रचलेल्या पोलादी पट्ट्या, मोजा. पहिल्या मालकाने जास्त माल बसावा म्हणून एखादा जादा पाटा टाकलेला असणे ही नेहमीची गोष्ट आहे. त्याने गाडी दणकट होते असा समज आहे, पण त्यामागचे नुकसान फार थोड्यांना माहीत असते. बऱ्याच पिकअपमध्ये चेसिसवर एक छोटा व्हॉल्व्ह असतो आणि त्याची दांडी मागच्या ॲक्सलला जोडलेली असते. हौदा मालाने जितका दबेल, तितका तो व्हॉल्व्ह मागच्या चाकांना ब्रेकचा दाब वाढवून देतो. जादा पाट्यामुळे गाडी मागून उचललेलीच राहिली, तर पूर्ण माल भरूनही त्या व्हॉल्व्हच्या लेखी गाडी रिकामीच असते. मागचे ब्रेक कमी लागतात आणि सगळा ताण पुढच्या चाकांवर येतो. कुठे कुठे ती दांडी निखळलेली किंवा तारेने बांधून टाकलेलीही असते. कंपनीने दिले तेवढेच पाटे ठेवा आणि व्हॉल्व्हची दांडी कंपनीच्या मापाप्रमाणे लावून घ्या. पाट्यांचे काम झाले की पहिली भरलेली फेरी करून आल्यावर यू-बोल्ट पुन्हा आवळायचे असतात, हे मिस्त्रीला आठवणीने सांगा. तिथेच पाट्यांच्या ब्रॅकेटजवळ चेसिसला तडा किंवा वेल्डिंगची जुनी शिवण दिसते का, तेही टॉर्च मारून पाहून घ्या.

टायरवर नक्षी चांगली दिसते म्हणून फसू नका. टायरच्या बाजूवर चार आकड्यांची तारीख कोरलेली असते. ३५२१ म्हणजे २०२१ सालचा ३५वा आठवडा. उभ्या राहून म्हाताऱ्या झालेल्या टायरच्या कडेला बारीक चिरा पडतात आणि माल भरल्यावर तो तिथेच फुटतो. नक्षीच्या खोबणीत मध्ये मध्ये छोटे उंचवटे असतात. टायर झिजून त्यांच्या बरोबरीला आला म्हणजे १.६ मिलिमीटरच नक्षी उरली, आणि टायर संपला. पुढचे टायर एका कडेने झिजले असतील तर नवे घेण्याआधी पुढच्या चाकाखाली जॅक लावा. चाकाला वर-खाली धरून हलवा, मग डावी-उजवीकडून हलवा. वर-खाली खेळ असेल तर बेअरिंग, किंगपिन किंवा बॉल जॉइंट. आडवा खेळ असेल तर बहुधा टाय रॉडचे एंड. हे न करता नुसते अलाइनमेंट करून आणणे म्हणजे पैसे वाया. स्टेपनीही उतरवून तपासा, ती वर्षानुवर्षे खालीच लटकलेली असते.

ग्रीसकडे या दिवसांत विशेष लक्ष हवे. चार महिन्यांच्या पाण्या-चिखलात जुने ग्रीस धुऊन निघते. ग्रीस भरायच्या प्रत्येक निपलमधून जुने काळे ग्रीस बाहेर पडून नवे दिसेपर्यंत पंप मारायचा. क्लच सोडताना खालून ‘टक’ असा आवाज येत असेल तर बहुधा प्रोपेलर शाफ्टचा (इंजिनची ताकद मागच्या चाकांकडे नेणाऱ्या दांड्याचा) क्रॉस, म्हणजे सांधा, गेला आहे. तो भर रस्त्यात तुटला तर शाफ्ट खाली पडतो. सोयाबीन भरून निघाल्यावर असे होऊ देऊ नका.

इंजिनचे काम तुलनेने सोपे. डिपस्टिकवर किंवा ऑइल भरायच्या झाकणाखाली दुधाळ फेस दिसला, किंवा रेडिएटरच्या पाण्यावर तेलाचा तवंग दिसला, तर हेड गॅस्केटचा संशय धरा आणि बाकी खर्च थांबवून आधी ते तपासा. सगळे ठीक असेल तर इंजिन ऑइल, ऑइल फिल्टर, डिझेल फिल्टर, एअर फिल्टर, गिअर ऑइल आणि डिफरन्शियलचे ऑइल एकाच वेळी बदला. काढलेले इंजिन ऑइल फार घट्ट आणि काजळलेले निघाले, तर पुढचा बदल पुस्तकात सांगितलेल्या अंतरापेक्षा बराच लवकर करा. १ एप्रिल २०२० नंतर नोंदणी झालेल्या गाड्या बीएस-६, म्हणजे धुराच्या कडक नियमांच्या, आहेत. ज्यांना सायलेन्सरच्या वाटेत काजळीचा फिल्टर असतो, त्यांना पुस्तकात लिहिलेल्या ग्रेडचेच ऑइल लागते. त्या फिल्टरचा दिवा लागला तर गाडी शहरात रेंगाळत ठेवू नका. बायपासवर एकसारख्या वेगाने वीस-तीस मिनिटे चालवा. फिल्टर कापून काढून देणारे भेटतात. त्यांच्या वाटेला जाऊ नका, पीयूसी आणि फिटनेस दोन्हीकडे अडकाल.

रेडिएटरमध्ये बोअरचे पाणी घालू नका. आपल्याकडच्या जड पाण्याने आत क्षार धरतात, आणि त्याचा परिणाम एप्रिलमध्ये गहू नेताना दिसतो. आतून धुऊन कूलंट भरा, जुने होज आणि कॅप बदला. गाडी तापते म्हणून थर्मोस्टॅट काढून टाकला असेल तर परत बसवून घ्या. डिझेल फिल्टरच्या तळाचा नट सैल करून साचलेले पाणी दर आठवड्याला काढा. शेतावर ड्रममधले डिझेल भरणाऱ्यांनी तर हे चुकवूच नये.

हौदा धुतल्याशिवाय गाडी उभी करू नका. खताची फुटलेली गोणी, त्यातही पोटॅश, ओलाव्यात पत्रा खाते. फळ्या किंवा मॅट उचलून खालची पाणी जाण्याची भोके मोकळी करा. फाळक्याच्या (हौद्याच्या मागच्या झडपेच्या) बिजागऱ्या आणि कड्या बदलायला फार खर्च येत नाही, पण भरल्या गाडीचा फाळका उघडला तर मागून येणाऱ्याच्या जिवावर बेतते. चोइथरामला जाणारे अंधारात निघतात, म्हणून मागचे दिवे, इंडिकेटर आणि चकाकणाऱ्या पट्ट्या चिखलाखाली झाकलेल्या नाहीत ना, हे रोज निघताना हाताने पुसून पाहा.

किती माल भरायचा हे आरसीवरून काढा: एकूण मान्य वजनातून रिकाम्या गाडीचे वजन वजा करा, त्यातून चालक आणि सोबतच्यांचे वजन वजा करा. लसणाने हौदा भरतो तसा सोयाबीनने भरून चालत नाही. सोयाबीनचे एक घनमीटर सुमारे सात क्विंटल भरते. हौद्याची लांबी, रुंदी, उंची मीटरमध्ये मोजून गुणाकार करा आणि मर्यादेची रेघ आतून रंगाने मारून ठेवा, म्हणजे मजुरांना पुन्हा सांगावे लागत नाही. जादा वजनाचा दंड २०,००० रुपये आणि वर प्रत्येक जादा टनाला २,००० रुपये आहे. ॲक्सलचे आणि पाट्यांचे नुकसान त्याहून निराळे.

कागद याच पंधरवड्यात उरका. फॉर्म २९ आणि ३० भरून गाडी नावावर करून घ्या. खरेदीदाराला त्यासाठी ३० दिवस असतात. आरसीवर कर्जाची नोंद असेल तर ती काढण्यासाठी फॉर्म ३५, आणि गाडी महाराष्ट्र-गुजरातेतून आणली असेल तर तिथली एनओसी हवी. विमा आपल्या नावे करण्याचा अर्ज १४ दिवसांत द्यायचा असतो. तो राहिला तर अपघातात गाडीच्या नुकसानीचा दावा अडकतो. माल वाहणाऱ्या गाडीचे फिटनेस आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी, त्यानंतर दर वर्षी. तारीख ऐन काढणीत पडत असेल तर आधीच करून घ्या.

पुढची देखभाल नुसत्या किलोमीटरवर ठेवू नका, पिकाच्या वेळापत्रकाला बांधा. डिसेंबरमध्ये गव्हाची पाणीपाळी चालू असताना गाडी मोकळी असते, तेव्हा ऑइल आणि ब्रेक पाहा, म्हणजे जानेवारी-फेब्रुवारीच्या बटाट्याला ती तयार राहील. मार्चमध्ये लसूण, कांदा, गहू सुरू होण्याआधी कूलंट, फॅन बेल्ट आणि टायरची हवा. भरलेल्या गाडीची हवा दरवाजाच्या खांबावरच्या स्टिकरप्रमाणे. जूनच्या पहिल्या पावसाआधी वायपर, वायरिंग आणि पुन्हा ग्रीस. गाडी खळ्याजवळ उभी राहत असेल तर बॉनेट दर दोन-तीन दिवसांनी उघडा. सोयाबीनच्या मागोमाग उंदीर येतात आणि वायरी कुरतडतात. डॅशबोर्डच्या कप्प्यात शंभर पानी वही ठेवा, तारीख, किलोमीटर, काय बदलले, कोणत्या दुकानातून, एवढे लिहा, आणि बिले तिच्यातच चिकटवा. चालक दुसरा असेल तर वहीत लिहायचे काम त्याच्याकडे द्या. आवाज कधी सुरू झाला हे त्यालाच आधी कळते.