कोल्हापूरला राहायला येण्याआधी: आषाढात एकदा, वैशाखात एकदा

गेल्या वर्षभरात पुण्याची तीन कुटुंबं आमच्याकडे येऊन चौकशी करून गेली. तिघांचाही पहिला प्रश्न एकच होता, "भाडं किती पडतं?" भाड्याचं सांगतेच. पण आम्ही पुण्यातल्या धायरीहून इथे आलो त्याला आता चौथं वर्ष लागलंय आणि अनुभवाने माझं मत पक्कं झालंय, की कोल्हापुरात घराचा प्रश्न आधी पाण्याचा असतो. खालच्या भागात तो पावसाळ्यात उभा राहतो, उंचावरच्या भागात उन्हाळ्यात. म्हणून तयारीच्या यादीत मी पहिली गोष्ट ही लिहीन: घर ठरवण्याआधी कोल्हापूरला दोन फेऱ्या मारा, एक आषाढात आणि एक वैशाखात. दिवाळीच्या सुट्टीत, थंडीत येऊन घर बघू नका. त्या दिवसांत इथलं प्रत्येक घर चांगलंच दिसतं.

आम्ही तीच चूक करत होतो. डिसेंबरात नागाळा पार्काच्या बाजूला तळमजल्यावरचं एक घर पाहिलं. समोर झाडं, आत ऊन, सासूबाईंना जिना चढायला नको. मालक म्हणाले, इथपर्यंत पाणी येत नाही. आम्ही टोकन द्यायच्या बेतात होतो. कोपऱ्यावर चहा घ्यायला थांबलो, तर टपरीवरच्या मावशींनी कुठलं घर ते विचारलं आणि म्हणाल्या, "आवो वैनी, एकवीस साली तिथं खिडकीच्या वर पाणी हुतं." परत जाऊन पाहिलं, तर नव्या रंगाखाली पोपडे सुटलेले आणि विजेची सगळी बटणं छातीच्या वर बसवलेली. बटणं इतकी उंच का, हा प्रश्न आधी आपल्याला पडायला हवा होता, याचं मला आजही वाईट वाटतं. तेव्हापासून मी सगळ्यांना सांगते, पुराचं मालकाला किंवा एजंटाला विचारू नका. शेजारच्या किराणा दुकानदाराला, इस्त्रीवाल्याला, समोरच्या आजींना विचारा. आणि प्रश्न "पाणी येतं का" असा नको, "२०१९ ला कुठवर होतं आणि २०२१ ला कुठवर होतं" असा विचारा. लोक हात करून पायरी दाखवतात.

इथे आल्यावर एक आकडा तुमच्या रोजच्या बोलण्यात येईल, तो आधीच पाठ करा. पंचगंगेची पातळी राजाराम बंधाऱ्यावर मोजतात. ३९ फूट इशारा पातळी आणि ४३ फूट धोका पातळी. २०१९ आणि २०२१ या दोन्ही वर्षी नदी ५५ फुटांच्या वर गेली होती. कासारी, कुंभी, तुळशी आणि भोगावती प्रयाग चिखलीला एकत्र येऊन पंचगंगा होते, त्यामुळे शहरात ऊन पडलेलं असतानाही वर गगनबावडा-राधानगरीच्या डोंगरात पाऊस कोसळत असेल तर इथली पातळी चढत राहते. राधानगरी धरणाचे स्वयंचलित दरवाजे किती उघडले, ही बातमी जुलैत आमच्याकडे घराघरात ऐकली जाते. दुधाळी, सुतारवाडा, शाहूपुरीतली कुंभार गल्ली, व्हीनस कॉर्नर, रमणमळा, बापट कॅम्प आणि नागाळा पार्काचा काही भाग, या नावांपुढे तुमच्या वहीत खूण करून ठेवा. याचा अर्थ तिथे राहूच नये असा नाही. तिथे पिढ्यान्‌पिढ्या लोक राहतात, वरचा मजला घेतात, पाणी चढायला लागलं की गाड्या उंचावर नेऊन लावतात. तुम्हाला ते माहीत असून तिथे जायचंय का, एवढंच ठरवायचं.

विकत घ्यायचं असेल तर पूररेषेचा नकाशा बघितल्याशिवाय सही करू नका. निळी रेषा साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. निळ्या रेषेच्या आत नव्या बांधकामाला मनाई असते, निळ्या-लाल रेषांच्या मधे अटी असतात. महापालिकेच्या नगररचना विभागात जाऊन तो सर्व्हे नंबर कुठे पडतो, हे स्वतः बघा. बिल्डरच्या ऑफिसात दाखवलेल्या झेरॉक्सवर विसंबू नका.

आता वैशाखाची फेरी. पाचगाव, मोरेवाडी, आर. के. नगर, कळंब्याचा वरचा भाग इथे पुराची भीती नाही, हवा मोकळी, भाडं कमी. पण मे महिन्यात तिथे दुपारी जा आणि टँकर किती फिरतात ते मोजा. सोसायटीत बोअर आहे का, त्याला मे अखेर पाणी राहतं का, नळाला पाणी किती दिवसांनी आणि किती वेळ येतं, टँकर लागला तर पैसे कोण भरतं, हे चारही प्रश्न विचारा. शहरासाठी काळम्मावाडी धरणातून सुमारे ५३ किलोमीटरची थेट पाइपलाइन झाली आणि नोव्हेंबर २०२३ मध्ये ते पाणी शहरात पोहोचलं. या योजनेसाठी कोल्हापूरकरांनी वर्षानुवर्षं आंदोलनं केली आहेत. तरी पाणी शहरात आलं म्हणजे तुमच्या गल्लीत पुरेशा दाबाने आलं, असं धरू नका. पहाटे सहाला त्या गल्लीत उभं राहून बघा. हे पुण्याहून येऊन करायला जड वाटतं, मान्य आहे. एक रात्र लॉजवर काढा.

याच संदर्भात हद्दीचा मुद्दा येतो, आणि नव्या माणसाला तो कधीच कोणी नीट सांगत नाही. रस्त्याच्या एका बाजूला महापालिका आणि दुसऱ्या बाजूला ग्रामपंचायत, असं इथे सर्रास आहे. शहराला चिकटलेल्या ४२ गावांसाठी २०१७ मध्ये कोल्हापूर नागरी क्षेत्र विकास प्राधिकरण झालं. तुमचं घर कुणाच्या अखत्यारीत येतं त्यावर घरफाळा, पाणी, कचरागाडी, ड्रेनेज सगळं ठरतं. शहरात प्रॉपर्टी कार्ड बघायचं, बाहेर सात-बारा आणि जमीन बिगरशेती झाल्याचा कागद. पत्त्यात 'ए वॉर्ड', 'ई वॉर्ड' असं दिसेल, ते नगर भूमापनाचे जुने भाग आहेत. शिवाजी पेठ 'ए'त, मंगळवार पेठ 'बी'त, शाहूपुरी-राजारामपुरी 'ई'त. कागद काढायला गेल्यावर हा वॉर्ड आधी विचारतात. ५०० चौरस मीटरपेक्षा मोठ्या जागेवरचा आणि ८ पेक्षा जास्त सदनिकांचा नवा प्रकल्प असेल तर महारेराची (गृहप्रकल्पांवर देखरेख ठेवणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाची) नोंदणी स्वतः तपासा, आणि तयार फ्लॅट असेल तर भोगवटा प्रमाणपत्र मागा. नोंदणी शुल्क किमतीच्या १ टक्का, जास्तीत जास्त ३०,००० रुपये. घर घरातल्या बाईच्या नावावर घेतलं तर मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत मिळते. माझं आग्रहाचं मत आहे की ती घ्यावी, आणि केवळ टक्क्यासाठी नव्हे.

पण पहिल्या वर्षी विकत घेऊच नका. भाड्याने राहा, एक पावसाळा आणि एक उन्हाळा काढा. आमचं धायरीचं दोन बेडरूमचं भाडं २२,००० होतं, इथे कळंब्याच्या बाजूला ११,५०० पासून सुरुवात केली. महिन्याला साडेदहा हजार वाचले असं वाटलं, पण पहिल्या सहा महिन्यांचा हिशोब मांडला तेव्हा तसं दिसलं नाही. पुण्याला दर महिन्याला दोन खेपा होत होत्या, दुसरी दुचाकी घ्यावी लागली, इन्व्हर्टर घेतला, आणि माझा पगार कमी झाला. म्हणून भाड्यांची तुलना कराल तेव्हा वहीत डावीकडे इथलं भाडं लिहा आणि त्याखाली या सगळ्या रकमा लिहा, मग पुण्याशी ताडून बघा. आमच्या बाबतीत वर्षाअखेर फरक उरला, पण जेवढा धरला होता त्याच्या निम्मा. ताराबाई पार्क, नागाळा पार्क, राजारामपुरी या भागांत तोही उरेल असं सांगता येत नाही. त्यात १८ ऑगस्ट २०२५ पासून सीपीआर या सरकारी रुग्णालयासमोरच्या जुन्या न्यायालयाच्या इमारतीत मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच (फिरतं खंडपीठ) सुरू झालं. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांची प्रकरणं तिथे चालतात. भाडं ठरवताना मालक हा विषय काढतात, तयारी ठेवून जा.

करार तोंडी करू नका. "आपलीच माणसं हायसा, कागद कशाला" असं इथे फार प्रेमाने म्हणतात आणि बहुतेक वेळा ते मनापासून असतं, तरीही अकरा महिन्यांचा लिव्ह अँड लायसन्स करार लेखी आणि नोंदणीकृतच हवा. तसं भाडे नियंत्रण कायदा सांगतो आणि नोंदणीची जबाबदारी मालकावर टाकतो. मुद्रांक शुल्क पाव टक्का, म्हणजे साध्या घराला काही शेकड्यांत भागतं. नोंदणी शुल्क महापालिका हद्दीत १,०००, ग्रामीण भागात ५००. एवढ्या पैशांसाठी वाद ओढवून घेऊ नका. शाळेला आणि गॅसलाही पत्त्याचा पुरावा म्हणून हाच कागद चालतो.

नोकरीबद्दल थोडक्यात. घरून काम असेल तर त्या इमारतीत आधीपासून कुणाचं इंटरनेट चालतंय ते बघा आणि पावसाळ्यात वीज किती वेळा जाते ते विचारा. इथे नोकरी शोधणार असाल तर शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागल-हातकणंगलेची पंचतारांकित एमआयडीसी, यांत फाउंड्री आणि मशीन शॉपची कामं मोठी आहेत. ऑफिसच्या कामाला पुण्याचा पगार मिळेल असं गृहीत धरू नका. आणि नवरा-बायको दोघंही कमावते असाल तर दोघांचंही ठरल्याशिवाय सामान बांधू नका. एकाचं ठरलं आणि दुसरीचं "बघू तिकडे गेल्यावर" म्हणून सोडलं, असं मी दोन घरांत पाहिलंय. दोन्हीकडे बाईच घरी बसली.

म्हातारी माणसं बरोबर असतील तर त्यांचे डॉक्टर आधी ठरवा, घर मग. सरकारी सीपीआर रुग्णालय शहराच्या मधोमध आहे, खासगी दवाखाने भरपूर आहेत. पण एखाद्या विशेष उपचारासाठी पुण्याला जावं लागत असेल, तर २३० किलोमीटरचा रस्ता लक्षात ठेवा. महामार्गाच्या रुंदीकरणामुळे नेहमी जास्तीचा वेळ हाताशी ठेवावा लागतो. सप्टेंबर २०२४ पासून आठवड्यातून ३ दिवस वंदे भारत सुरू झाली, सासूबाईंना तीच सोयीची पडते. २०१९ आणि २०२१ च्या पुरात शिरोलीजवळ महामार्गावर पाणी येऊन वाहतूक बंद पडली होती आणि उपसा केंद्रं बुडाल्यामुळे शहराचे नळही कोरडे होते. म्हणून जुलै लागला की आमच्या घरात महिनाभराची रक्तदाबाची गोळी आणि पिण्याच्या पाण्याचे दोन बॅरल भरलेले असतात. ही सवय पहिल्याच वर्षी लावून घ्या.

मुलांसाठी शाळा सोडल्याचा दाखला मार्चमध्येच मागून ठेवा आणि शाळा घराच्या जवळची बघा. इथे अंतर कमी आहे, दुचाकीवर वीस-पंचवीस मिनिटांत शहराचं एक टोक दुसऱ्याला लागतं. माझ्यासाठी कोल्हापूरला येण्याचं सगळ्यात मोठं मोल हेच आहे. धायरीत मी रोज दोन तास रस्त्यावर असायचे. आता संध्याकाळी सहाला मुलगी आणि मी रंकाळ्यावर असतो. तिला खेळायचं असेल तर विचारावं लागत नाही, इथे कुस्ती, फुटबॉल, पोहणं, नेमबाजी अशी शिकवणारी माणसं गल्लीगल्लीत सापडतात. पॅरिसला २०२४ मध्ये नेमबाजीत कांस्यपदक मिळवणारा स्वप्नील कुसाळे राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा. शाहू स्टेडियमवर पाटाकडील विरुद्ध दिलबहार असा फुटबॉलचा सामना असला की अख्खी पेठ तिकडे असते.

आणि पेठेत घर घेणार असाल तर याचीही तयारी ठेवा. अंबाबाईच्या देवळाजवळ राहणं फार सुंदर आहे, पहाटेची घंटा घरात ऐकू येते. पण शनिवार-रविवारी आणि नवरात्रात तुमची गाडी तुमच्याच दारात आणता येणार नाही. गणपतीत तालमीचा (इथे गल्लीतल्या मंडळालाही तालीमच म्हणतात) आवाज रात्री उशिरापर्यंत असतो. शांतता हवी तर पेठ नको, माणसं हवीत तर पेठेसारखं दुसरं काही नाही. स्वयंपाकाचं म्हणाल तर उन्हाळ्यात शेजारणींबरोबर वर्षाची चटणी करायला बसा. इथे चटणी म्हणजे कांदा-लसणाचं लाल तिखट, आणि त्या दोन दिवसांत गल्लीतली सगळी घरं ओळखीची होतात. गंगावेशीत म्हैस समोर पिळून दिलेलं दूध एकदा पिऊन बघा, मग घरी कुठलं लावायचं ते ठरवा.

कागदांचं एका दमात उरका. मतदार यादीसाठी ८ नंबरचा अर्ज, गॅस, रेशनकार्ड, बँक. एमएच १२ ची गाडी एमएच ०९ करायची गरज नाही, पत्ता बदलल्याचं मात्र आरटीओला ३० दिवसांत कळवायचं. बेळगाव-बंगळूरकडून गाडी आणत असाल तर ना-हरकत घेऊन इथली नवी नोंदणी करावी लागते.

सामानाचा ट्रक जुलै-ऑगस्टमध्ये बोलावू नका, एप्रिल-मे धरा. सामान उतरलं की त्याच संध्याकाळी पेढे घेऊन शेजारी जा आणि गल्लीतल्या तालमीच्या एखाद्या पोराचा फोन नंबर लिहून घ्या. २०२१ ला आमच्या ओळखीच्या आजींना पहिल्या मजल्यावरून दोरी लावून काढलं, ते त्यांच्याच तालमीतल्या पोरांनी.