लाइट शीट मायक्रोस्कोप: लेझरला दोष देण्याआधी या चुका टाळा

जळगावात मे महिन्यात पारा 43-44 च्या पुढे जातो. आमच्या पहिल्या लाइट शीट मायक्रोस्कोपची (लेझरच्या पातळ पडद्याने, म्हणजे शीटने, नमुना बाजूने उजळून त्याचं चित्र घेणारं यंत्र) निम्मी दुखणी या उन्हाची होती, आणि आम्ही मात्र महिनाभर आरसे-लेन्सा हलवत बसलो.

झेब्राफिश या छोट्या माशाचा जिवंत भ्रूण लो-मेल्ट अ‍ॅगरोजच्या (जेलीसारख्या पदार्थाच्या) कांडीत बसवतात. हे अ‍ॅगरोज साधारण 26 ते 30 अंशांना गोठतं. खोलीच 38 अंशांची असेल तर ते गोठणार कसं? कांडी मायक्रोस्कोपच्या पाण्याच्या चेंबरमध्ये वाकायची, चित्र सरकायचं, आणि आम्ही स्टेजचे (नमुना धरून हलवणाऱ्या भागाचे) स्क्रू आवळायचो. शेवटी मदतनीस म्हणाला, "भाऊ, हे तर पाणीच आहे!" तेव्हापासून अ‍ॅगरोज भरलेली काचेची नळी काही मिनिटं गार पाण्यात धरतो. बर्फात नको; भ्रूणाला 28.5 अंश मानवतात. उलट घाईत गरम अ‍ॅगरोज वापरलं तर भ्रूण शिजतो. ते 37 च्या आसपास येऊ द्या. एक टक्का पुरे; फार घट्ट केलं तर वाढता भ्रूण आवळला जातो.

खोली गार करायला कुलर लावताय? त्याची थरथर टेबलावर पोचू देऊ नका.

जुळणी तपासायला चेंबरच्या पाण्यात फ्लुरोसीन या चमकणाऱ्या रंगाचा थेंब टाका, 488 नॅनोमीटरच्या निळ्या लेझरची शीट हिरवी दिसते. चित्राची एकच बाजू धूसर असेल तर शीट तिरकी आहे. मध्य स्पष्ट आणि दोन्ही कडा धूसर असतील तर शीट गरजेपेक्षा पातळ आहे: जाडी निम्मी केली की कामाची लांबी (जिथवर शीट पातळ राहते ती) चौथाईवर येते. पातळपणाचा हव्यास इथे महागात पडतो.

प्रकाशाच्या दिशेने काळे पट्टे दिसले तर बुडबुडा, कचरा किंवा भ्रूणाच्या डोळ्यातलं रंगद्रव्य शोधा. बोअरचं पाणी तर लेन्सजवळ नकोच, वाळलं की क्षारांचे पांढरे डाग राहतात. डिस्टिल्ड वॉटरनेच धुवा.

आणि वीज! लेझर, कॅमेरा, कॉम्प्युटर आम्ही यूपीएसवर ठेवले, स्टेजची मोटर विसरलो. रात्री दोनला लाइट गेली. सकाळी एकाच जागेचे चारशे फोटो.