जनरेटरचं सर्ज प्रोटेक्शन: या चुका टाळा

गळीत हंगामाआधीच्या ओव्हरहॉलिंगमध्ये एका साखर कारखान्यात मी ११ केव्ही टीजी सेटचा (टर्बाइन आणि जनरेटरची जोडी) एलएव्हीटी पॅनेल, म्हणजे एलए आणि व्होल्टेज ट्रान्सफॉर्मर ठेवलेली पेटी, उघडला. एलए म्हणजे लाइटनिंग अरेस्टर, वीज पडल्याने किंवा ब्रेकर उघड-बंद झाल्याने येणारी क्षणिक उंच व्होल्टेजची लाट, म्हणजे सर्ज, छाटणारं उपकरण. तिन्ही फेजच्या एलएच्या जंपर पट्ट्या सुटलेल्या होत्या. नट-बोल्ट एका कापडी पिशवीत गाठ मारून तळाशी ठेवलेले. आदल्या वर्षी मेगर (इन्सुलेशनची रोधकता मोजायची चाचणी) घेताना कुणीतरी पट्ट्या काढल्या, तोवर बॉयलर पेटवायचा मुहूर्त आला आणि पॅनेलचं दार तसंच बंद झालं. अख्खा हंगाम मशीन एलएशिवाय चालली. ड्रॉइंगवर मात्र एलए होता, तपासणीच्या कागदावर टिकही होती.

त्या वर्षी स्टेटर (जनरेटरचा वाइंडिंग असलेला स्थिर भाग) वाचला. दरवर्षी वाचेलच असं नाही, म्हणून हे सविस्तर लिहितो आहे.

आधी मशीन किती नाजूक असते ते पाहा. ११ केव्हीचा ट्रान्सफॉर्मर साधारण ७५ केव्हीचा इम्पल्स (अशी क्षणिक लाट) सोसेल असा बांधतात. त्याच व्होल्टेजच्या जनरेटरच्या कॉइलला आयईसीचा (आंतरराष्ट्रीय विद्युत मानकांची संस्था) नियम आहे चार गुणिले रेटेड व्होल्टेज अधिक पाच, म्हणजे ४९ केव्ही. लाट अतिशय तीव्र चढाची, ०.२ मायक्रोसेकंदात माथ्यावर पोचणारी असेल तर फक्त ३२ केव्ही. अशा लाटेत बहुतेक व्होल्टेज लाइनकडच्या पहिल्या एक-दोन कॉइलवरच पडतं आणि एका वेढ्यापासून दुसऱ्या वेढ्यापर्यंतचं इन्सुलेशन फुटतं. जळालेला स्टेटर उघडल्यावर टर्मिनलजवळची कॉइल काळी आणि बाकीचं वाइंडिंग स्वच्छ दिसलं, तर माझा पहिला संशय सर्जवर जातो.

म्हणून एलए आणि सर्ज कॅपॅसिटर दोन्ही लागतात. एलए लाटेची उंची छाटतो, चढ तसाच राहतो. चढ सौम्य करायचं काम कॅपॅसिटरचं. ११ केव्हीला दर फेजला ०.२५ मायक्रोफॅरड हा रूढ आकडा आहे. केबलचा सर्ज इम्पिडन्स (लाटेला होणारा अडथळा) ४० ओहम धरला तर गुणाकार येतो १० मायक्रोसेकंद, म्हणजे मायक्रोसेकंदाच्या अंशात चढणारी लाट तेवढी लांबते. कॅपॅसिटर फुटला आणि बदली मिळेना म्हणून नुसत्या एलएवर हंगाम काढणारे मी पाहिले आहेत. कृपा करून तसं करू नका.

एलए आहे, पण कुठे?

सगळ्यात जास्त दिसणारी चूक हीच. जनरेटर टर्बाइन हॉलमध्ये, व्हीसीबी (व्हॅक्यूम सर्किट ब्रेकर) पॅनेल स्विचगिअर रूममध्ये, मध्ये ६० मीटर केबल. "साहेब, पॅनेलमध्ये एलए आहे की!" असं उत्तर मिळतं. आता हिशेब मांडू. पॅनेलमधल्या एलएने लाट ३० केव्हीला छाटली. ती केबलमधून मायक्रोसेकंदाला साधारण १५० मीटर वेगाने जनरेटरपाशी पोचते. मशीनचा सर्ज इम्पिडन्स केबलच्या कितीतरी पट असतो, त्यामुळे लाट तिथे आपटून जवळजवळ दुप्पट होते. ३० चे ६० केव्ही झाले आणि आपली कॉइल ४९ ची. पॅनेलमधला एलए काढा असं मी म्हणत नाही, पण मशीनचा एलए आणि कॅपॅसिटर मशीनच्या टर्मिनलपाशीच हवेत.

तिथे बसवल्यावरही तारा किती लांब ठेवल्या हे बघा. एक मीटर तारेचा इंडक्टन्स साधारण एक मायक्रोहेन्री. करंट मायक्रोसेकंदाला १० केएने वाढला तर त्या एका मीटरवर १० केव्ही पडतात आणि ते एलएच्या ३० केव्हीत मिळवले जातात. एका ठिकाणी अर्थची पट्टी पॅनेलच्या तळातून निघून, ट्रेंचमधून वळसा घेऊन, भिंतीबाहेरच्या अर्थ पिटला जोडली होती. मी टेपने मोजली तर नऊ मीटर भरली. काम सुबक, पट्टीला हिरवा रंगही दिलेला, पण संरक्षण जवळपास शून्य. एलए आणि कॅपॅसिटरची अर्थ बाजू आधी सरळ जनरेटरच्या फ्रेमला जोडा, आखूड आणि शक्यतो वळण न देता. अर्थ ग्रिडची जोडणी त्यानंतर.

स्टोअरमधला ९ केव्हीचा एलए

११ केव्हीच्या लाइनवर ९ केव्हीचा एलए चालतो, म्हणून तोच जनरेटरला लावला जातो. लाइनची सिस्टिम पक्की अर्थ केलेली असते. जनरेटरचा न्यूट्रल एनजीआरमधून (न्यूट्रल ग्राउंडिंग रेझिस्टर) अर्थ असतो. एका फेजला अर्थ फॉल्ट झाला की बाकी दोन फेज जमिनीच्या तुलनेत ६.३५ वरून ११ केव्हीपर्यंत चढतात. ९ केव्हीच्या एलएचं कायम सोसायचं व्होल्टेज साडेसात केव्हीच्या आसपास. तो तापतो आणि फुटतो. मग "एलएमुळेच ट्रिपिंग झालं" असा निष्कर्ष निघतो आणि पुन्हा तसाच एलए बसतो. अर्थ फॉल्टवर रिले (फॉल्ट ओळखून ब्रेकर उघडायला लावणारं उपकरण) काही सेकंदांत ट्रिप देत असेल तर १२ केव्हीने काम भागतं. फक्त अलार्म देऊन मशीन चालू ठेवायची पद्धत असेल तर १५ केव्हीकडे जावं लागतं, पण त्याचं रेसिड्युअल व्होल्टेजही (लाट छाटल्यावर उरणारं) वाढतं. तेव्हा ४९ शी मार्जिन पुन्हा मोजा.

नवे कॅपॅसिटर बसवताना अर्थ फॉल्टचा हिशेबही बदलतो. ०.२५ मायक्रोफॅरडचे तीन कॅपॅसिटर मिळून अर्थ फॉल्टमध्ये सुमारे दीड अँपिअर घालतात. न्यूट्रलचा करंट पाच-दहा अँपिअरला बांधलेला असेल तर रिले सेटिंग करताना हा दीड अँपिअर विसरू नका.

जुने मिनिमम ऑइल ब्रेकर काढून व्हीसीबी बसवले आणि नंतर त्रास सुरू झाला, हीही नेहमीची तक्रार. व्हॅक्यूममध्ये करंट शून्याआधीच तुटू शकतो, कॉन्टॅक्टमध्ये पुन्हापुन्हा ठिणगी पेटून विझते आणि तीव्र चढाच्या लाटांची माळ सुटते. फायब्रायझरची (ऊस फोडणारं यंत्र) एचटी, म्हणजे उच्च दाबाची, मोटर सुरू होता होता ट्रिप झाली तर हा धोका सर्वांत जास्त. रेट्रोफिटच्या अंदाजपत्रकात सर्ज प्रोटेक्शनची ओळ पहिल्या दिवशीच घाला, मोटरसाठीसुद्धा.

मेगर कमी येतोय

पहिल्यांदा पाहा, कॅपॅसिटर जोडलेला आहे का. त्याच्या पोटात डिस्चार्ज रेझिस्टर असतो, त्यामुळे आकडा घाबरावं इतका कमी येतो. हे न पाहता दोन दिवस हीटर लावून वाइंडिंग सुकवत बसलेली टीम मी पाहिली आहे. हाय-पॉटलाही (उच्च व्होल्टेजची इन्सुलेशन चाचणी) एलए सोडवावाच लागतो, नाहीतर तोच वाहायला लागतो. सोडवण्याआधी शटडाऊन घेऊन, काही मिनिटं थांबून डिस्चार्ज रॉडने प्रत्येक फेज अर्थ करा. रेझिस्टर आहे म्हणून हात घालू नका, तो तुटलेला असू शकतो. पट्ट्या सुटलेल्याच आहेत तर कॅपॅसिटन्स मोजून नेमप्लेटशी ताडून घ्या.

आणि पट्ट्या परत जोडल्याची नोंद वेगळी ठेवा. मी आता प्रत्येक सुटलेल्या पट्टीला लाल टॅग बांधतो आणि टॅगवर नंबर टाकतो. सगळे टॅग शिफ्ट इंजिनिअरच्या टेबलावर जमा झाल्याशिवाय सिंक्रोनाइझिंगच्या (जनरेटर ग्रिडला जोडायच्या) परवान्यावर सही करत नाही. त्या कारखान्यात असे नऊ टॅग असतात. तीन एलएचे, तीन कॅपॅसिटरचे, तीन पीटीचे (व्होल्टेज ट्रान्सफॉर्मर).